पहिली पेडल स्टील गिटार : परदेशातून मागवण्यापूर्वी काय पाहावे

द्वारका (नवी दिल्ली) : द्वारकेतून ब्लू लाइन मेट्रोने गाडी न बदलता राजीव चौकाला, म्हणजे कॅनॉट प्लेसला, जाता येते. सतार, हार्मोनियम किंवा साधी गिटार घ्यायची असेल तर तेवढा प्रवास पुरतो. फार तर पुढे दर्यागंजपर्यंत जावे लागते. पेडल स्टील गिटार हवी असणाऱ्याला मात्र या फेरीचा उपयोग नाही. हे वाद्य दिल्लीच्या, मुंबईच्या वा कोलकात्याच्या नेहमीच्या दुकानांत मांडलेले सहसा आढळत नाही. ते प्रामुख्याने अमेरिकेतील मोजक्या छोट्या कारखान्यांत, बहुधा मागणी नोंदवून घेऊनच, घडवले जाते. त्यामुळे भारतातील नवशिक्याला आपले पहिले वाद्य हात न लावता, न वाजवता, केवळ वर्णन आणि चित्रफीत पाहून विकत घ्यावे लागते. निवड चुकली तर ते परत पाठवणे परवडत नाही आणि येथे दुसरा गिऱ्हाईक मिळणेही कठीण. साधे नवे वाद्यसुद्धा हजार डॉलरांच्या पलीकडे जाते. त्यावर वाहतूक आणि सीमाशुल्क वेगळे. म्हणून पैसे पाठवण्याआधी काय घ्यावे, काय टाळावे आणि मुळात आत्ताच घ्यावे का, हे तिन्ही प्रश्न नीट पाहणे आवश्यक ठरते.

तारेवर बोटांऐवजी गुळगुळीत वस्तू सरकवून सूर काढण्याची रीत भारताला नवी नाही. विचित्र वीणेवर काचेचा गोळा फिरतो आणि दक्षिणेतील गोट्टुवाद्यम् म्हणजेच चित्रवीणाही अशाच पद्धतीने वाजते. गिटारवर ही रीत रुजवण्याचे श्रेय हवाई बेटांवरील जोसेफ केकुकू (जन्म १८७४) यांना दिले जाते. तेथील काही जुन्या आठवणींत गॅब्रिएल डेव्हियन या भारतात जन्मलेल्या तरुणाचेही नाव येते. तो दावा सिद्ध झालेला नाही, पण आपल्याकडे तो आवडीने सांगितला जातो. पुढे हवाईयन गिटार भारतात आली आणि येथे स्थिरावली. १९४० च्या दशकात हवाईयन संगीत जगभर नेणारे ताऊ मो आणि त्यांचे कुटुंब काही वर्षे कोलकात्यात राहिले, आणि त्या शहरात या वाद्याची मोठी परंपरा उभी राहिली. मुंबईत व्हॅन शिपली यांनी विजेच्या गिटारवर चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. त्यांच्या जोडीला पुण्याचे अ‍ॅकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स असत. ब्रिजभूषण काबरा यांनी हीच आडवी गिटार रागसंगीतात आणली. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह १९६७ साली निघालेली त्यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका ज्यांनी ऐकली आहे, त्यांना पोलादी बारच्या आवाजाची ओळख करून द्यायला नको. विश्वमोहन भट्ट यांची मोहन वीणा हे त्याच घराण्यातले पुढचे पाऊल.

पेडल स्टील ही या हवाईयन गिटारचीच दूरची बहीण. मात्र तिच्या पोटात यंत्र आहे. हवाईयन गिटार मांडीवर मावते. पेडल स्टील चार पायांवर टेबलासारखी उभी असते आणि वादक खुर्चीवर बसून तिच्यापुढे झुकतो. तिच्या खाली पायाने दाबण्याची पेडले आणि गुडघ्याने बाजूला ढकलण्याच्या दांड्या असतात. या दांड्यांना नी लिव्हर म्हणतात. पेडल दाबले की खालच्या धातूच्या कांड्या ताणल्या जातात आणि ठरावीक तारांचा सूर ठरावीक अंतराने चढतो वा उतरतो. बाकीच्या तारा जागच्या जागी राहतात. वेब पियर्स यांच्या १९५४ च्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्स यांनी तार वाजत असतानाच पेडल दाबले आणि सुरांचे हे सरकणे श्रोत्यांना प्रथमच एवढे स्पष्ट ऐकू आले. अमेरिकी कंट्री संगीताचा ठसा म्हणून आज जो आवाज ओळखला जातो, तो तेथून पुढचा.

वाद्य निवडताना पेडलांची संख्या महत्त्वाची का, हे कळण्यासाठी त्याची सुरावट समजून घ्यावी लागते. इंग्रजी स्वरनावांत ती गोंधळाची वाटते. सरगममध्ये मांडली तर मराठी वाचकाला ती पटकन उलगडेल. नवशिक्याच्या दहा तारांच्या वाद्याची रूढ सुरावट ‘ई नाइन’ नावाने ओळखली जाते. ‘ई’ हा षड्ज मानला, तर वादकापासून सर्वांत दूरच्या पहिल्या तारेपासून जवळच्या दहाव्या तारेपर्यंत सूर असे येतात : रे, नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी, प. यातील चौथ्या तारेचा सा तार सप्तकातला आणि आठव्या तारेचा मध्य सप्तकातला. पहिल्या दोन तारा चढत्या क्रमात बसत नाहीत. त्या वरच्या अंगाला मुद्दाम घातलेल्या असतात, कारण सुरावटीच्या ओळी वाजवताना त्या हाताशी लागतात.

आता तीन पेडले पाहू. पहिले, ज्याला ‘ए’ म्हणतात, पंचमाच्या दोन्ही तारा धैवतावर नेते. दुसरे ‘बी’ गांधाराच्या दोन्ही तारा मध्यमावर नेते. दोन्ही एकदम दाबली की सा-ग-प ची संगती जागच्या जागी सा-म-ध होते. बार हलवावा लागत नाही. सा स्थिर असतो आणि त्याच्या शेजारी ग चा म होत जातो, प चा ध होत जातो. मींड आपल्याला परिचित आहे, परंतु एक सूर धरून ठेवत दुसऱ्याची मींड घेणे हे या वाद्याचे वेगळेपण. तिसरे ‘सी’ पेडल चौथ्या तारेचा सा रे वर आणि पाचव्या तारेचा प ध वर नेते. गुडघ्याच्या दांड्यांपैकी दोन अपरिहार्य : एक सा ला कोमल रे पर्यंत चढवते, दुसरी त्यालाच शुद्ध नी पर्यंत उतरवते. तिसरी सामान्यतः दुसऱ्या तारेचा शुद्ध नी उतरवते आणि बरोबरीने नवव्या तारेचा कोमल नी धैवतावर आणते. चौथ्या दांडीच्या कामाबाबत घडवणाऱ्यांत एकमत नाही. कोठे ती प ला तीव्र मध्यमावर आणते, कोठे पहिल्या तारेच्या रे ला कोमल गांधारावर नेते.

एवढे समजले की खरेदीचा पहिला निर्णय आपोआप सुटतो. दहा तारा, एकच मान, तीन पेडले आणि चार दांड्या. नवशिक्याने याहून कमी घेऊ नये आणि याहून जास्तीच्या मागे लागू नये. स्वस्तातल्या जुन्या शिकाऊ वाद्यांत बरेचदा तीन पेडले आणि एकच दांडी असते. शो-बड कंपनीचे ‘मॅव्हरिक’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. दिसायला ते मोहक असते, नावही मोठे आहे; पण उपलब्ध धडे सा चढवणाऱ्या व उतरवणाऱ्या दांड्या गृहीत धरून लिहिलेले असतात, आणि काही महिन्यांतच विद्यार्थी अडतो. उलट दोन मानांचे वाद्य, ज्याची दुसरी मान जॅझ आणि स्विंग वाजवणाऱ्यांच्या ‘सी सिक्स’ सुरावटीसाठी असते, नवशिक्याला बऱ्याच काळ निरुपयोगी असून वजनाला मात्र भारी पडते. दुसऱ्या मानेच्या जागी हात टेकण्याची गादी बसवलेली, रुंद अंगाची एकमानी वाद्येही मिळतात. हाताला ती सुखाची असतात, पण भारतात आणायची असतील तर रुंदीचे ओझे विचारात घ्यावे.

पेडलांच्या क्रमाबाबत एक बारीक गोष्ट जाहिरातीत पुष्कळदा लिहिलेली नसते. डावीकडून ए, बी, सी हा क्रम बडी एमन्स यांच्या नावाने आणि याच्या उलट क्रम जिमी डे यांच्या नावाने ओळखला जातो. दोन्ही तितकेच चांगले. परंतु शिक्षक समोर नसताना चित्रफिती पाहून शिकणाऱ्याने एमन्स क्रमच घ्यावा, कारण बहुतेक धडे त्यातच आहेत. विकणाऱ्याला हा प्रश्न स्पष्टपणे विचारावा.

जुने घ्यावे की नवे, यावर अनुभवी वादकांत वाद आहे. अमेरिकेत राहणाऱ्याला जुने चांगले वाद्य घेऊन, न आवडल्यास त्याच किमतीला विकता येते. भारतातील नवशिक्याला ही सोय नाही. म्हणून ज्याचा कारखाना आज चालू आहे आणि ज्याचे सुटे भाग टपालाने मागवता येतात, असे वाद्य थोडे महाग पडले तरी घ्यावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. १९६० च्या दशकापासून एमन्स कंपनीने घडवलेल्या ‘पुश-पुल’ बनावटीच्या वाद्यांचा आवाज वाखाणला जातो, पण त्यांची यंत्रणा जुळवणे जाणकाराचे काम आहे आणि द्वारकेत असा जाणकार मिळणार नाही. नवशिक्यासाठी ‘ऑल-पुल’ यंत्रणा बरी. तीत प्रत्येक चढ-उताराचा सूर वाद्याच्या टोकाशी असलेल्या नायलॉनच्या नटाने स्वतंत्रपणे लावता येतो.

हे स्वतंत्र लावणे किती मोलाचे, हे तंबोरा ऐकलेल्या कानाला वेगळे सांगायला नको. नीट जुळलेल्या तंबोऱ्यातून जो स्वयंभू गांधार उमटतो, तो हार्मोनियमच्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. पेडल स्टीलचे पुष्कळ वादक गांधाराच्या तारा अशाच किंचित उतरवून लावतात. कारण या वाद्यावर संगती लांबवर टिकते आणि हार्मोनियमचा गांधार त्यात कर्कश वाटतो. मोबाइलवरील ट्यूनरने प्रत्येक तार हिरव्या खुणेवर आणूनही वाद्य बेसूर वाटले, तर नवशिक्याने वाद्याला दोष देऊ नये. रागसंगीत ऐकत वाढलेल्या विद्यार्थ्याला या बाबतीत पाश्चात्त्य नवशिक्यापेक्षा थोडी आघाडीच असते.

प्रत्यक्ष वाजवून पाहणे शक्य नसले, तरी विकणाऱ्याकडून व्हिडिओ कॉलवर बरेच तपासून घेता येते. त्याने ट्यूनर कॅमेऱ्यासमोर ठेवावा, पंचमाची तार छेडावी, ए पेडल दाबावे, सोडावे आणि पुन्हा छेडावी. तार मूळ सुरावर नेमकी परतली पाहिजे. दर वेळी ती थोडी चढी वा उतरी राहत असेल, तर कांड्यांत वा बिजागऱ्यांत घर्षण आहे किंवा झीज झाली आहे. मग चौथ्या तारेचा सा छेडत ठेवून ए आणि बी एकदम दाबायला सांगावे. त्या तारेला ही पेडले स्पर्शही करत नाहीत, तरी ताणाने खोकी वाकून तिचा सूर किंचित खाली येतो. दोन-चार सेंटांचा उतार चालण्यासारखा असतो. कानाला सहज कळेल इतका असेल तर वाद्य सोडून द्यावे. त्यानंतर वाद्य उलटे करून पोट दाखवायला सांगावे. कांड्या सरळ आहेत का, गंज आहे का, एखादी दांडी सैल लोंबते आहे का, हे दिसते. वरच्या लाकडाच्या चकाकीपेक्षा हे पोट अधिक काही सांगते, आणि ते दाखवण्यास टाळाटाळ करणाऱ्याशी व्यवहार करू नये.

वाद्य पसंत पडले की ते येथवर आणण्याचा प्रश्न. एकमानी पेडल स्टील पेटीसह साधारण १८ ते २२ किलो भरते. अमेरिकेहून सुटीला येणारा भाऊ किंवा मावशी ते सामानातून आणू शकेल का, हा विचार बहुतेक घरांत प्रथम होतो. बऱ्याच विमान कंपन्या त्या मार्गावर २३ किलोंची पेटी चालवतात, त्यामुळे वजनात ते बसू शकते. परंतु पेटीच्या लांबी-रुंदीची मर्यादाही असते आणि ती आधी विचारून घ्यावी. दिल्लीहून पुढे पुण्याला वा नागपूरला न्यायचे झाल्यास देशांतर्गत विमानात साधारणपणे १५ किलोंचीच मुभा असते, हे लक्षात ठेवावे. प्रवाशाच्या सामानालाही करमुक्त किमतीची मर्यादा आहे आणि असे वाद्य ती सहज ओलांडते. तेव्हा बिल जवळ ठेवून शुल्क भरण्याची तयारी ठेवणे हाच सरळ मार्ग.

कुरिअरने मागवल्यास वाद्य सीमाशुल्क अनुसूचीच्या ९२ व्या प्रकरणात येते. विजेने आवाज वाढवावा लागणाऱ्या वाद्यांसाठी त्यात ९२०७ हा क्रमांक आहे. शुल्क केवळ वाद्याच्या किमतीवर नसून वाहतूक आणि विमा धरून होणाऱ्या एकूण मूल्यावर आकारले जाते. त्यावर अधिभार आणि या सर्वांच्या बेरजेवर एकात्मिक वस्तू व सेवा कर लागतो. दर बदलत असल्याने मागणी नोंदवण्याच्या आठवड्यातच ते पाहून आकडा मांडावा. वाद्याच्या किमतीलाच खर्च समजून निघालेल्या ग्राहकाची येथे सर्वाधिक निराशा होते.

वाद्याबरोबर अ‍ॅम्प्लिफायरही अमेरिकेतून आणण्याचा मोह टाळावा. तेथील वीज १२० व्होल्टची, आपली २३० व्होल्टची. चुकून थेट जोडला तर तो जळतो. पेडल स्टीलला स्वतःला वीज लागत नाही. तिच्या चुंबकी पिकअपचा आवाज येथील कोणत्याही स्वच्छ आवाजाच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून काढता येतो. द्वारकेसारख्या ठिकाणी, जेथे सोसायटीच्या भिंतीपलीकडे शेजारी झोपलेला असतो, हेडफोनची जोडणी असलेला लहान अ‍ॅम्प्लिफायर अधिक उपयोगाचा. मात्र व्हॉल्यूम पेडल वाद्याबरोबरच घ्यावे. तार छेडल्यानंतर विरत जाणारा आवाज उजव्या पायाने सावकाश उचलत राहणे, हा या वादनाचा निम्मा भाग आहे. त्याशिवाय सुरू केलेला रियाज पुढे मोडून नव्याने बसवावा लागतो. अंगठ्याची आणि बोटांची नखी, आणि सुमारे २२ मिलिमीटर जाडीचा पोलादी बार ही बाकीची सामग्री. हवाईयन गिटारचा लहान बार दहा तारांना पुरत नाही.

दुरुस्तीची चिंता अनेकांना असते आणि ती रास्त आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील कारागीर लाकूड, घोडी आणि खुंट्या यांचे काम डोळे मिटून करतील. परंतु पेडल स्टीलचे दुखणे बहुधा लाकडात नसते. वाकलेली कांडी, झिजलेली धुरी किंवा तुटलेली बिजागरी यासाठी लेथवर काम करणारा माणूस गाठावा. मायापुरी, भोसरी किंवा कोल्हापूरच्या शिरोलीत तो सापडेल. त्याच्याकडे जाताना मूळ भाग बरोबर न्यावा, कारण अमेरिकी वाद्यांची मापे इंचात असतात. नायलॉनच्या नटांना बहुतेक बनावटींत ३/१६ इंचाची षट्कोनी किल्ली लागते. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या मिलिमीटर मापाच्या किल्ल्या त्याला नेमक्या बसत नाहीत. किल्ली वाद्याबरोबर आली आहे की नाही, एवढे तरी पेटी उघडताच पाहावे.

राहिला प्रश्न, आत्ताच घ्यावे का. ज्याने कधीही बार हातात धरलेला नाही, त्याने आधी सहा तारांची हवाईयन गिटार घ्यावी, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. ती भारतात बनते, कोलकात्यात आजही सहज मिळते, किंमत पेडल स्टीलच्या अल्पांशाने असते आणि शिकवणारेही सापडतात. बार पडद्याच्या रेषेवर नेमका थांबवणे, मागच्या तारांची गुणगुण डाव्या हाताच्या मोकळ्या बोटांनी दाबणे, कानाने सूर पकडणे, ही तिन्ही कौशल्ये तीवर शिकता येतात आणि जशीच्या तशी पुढे नेता येतात. सहा महिन्यांनी हात टिकून राहिला आणि तरीही संगती सरकण्याचा तोच आवाज कानात घुमत राहिला, तर मागणी नोंदवावी. यावर प्रतिवाद असा की, पेडलांसाठी झुरणाऱ्याला हवाईयन गिटारवर रस वाटत नाही आणि तो मध्येच सोडतो. तेही खरे आहे. ज्याच्या हाती हवाईयन गिटार किंवा सरोद आधीच बसलेली आहे, त्याने हा टप्पा खुशाल गाळावा.

घरी वाद्य आल्यावर फरशीकडे लक्ष द्यावे. आपल्या गुळगुळीत टाइल्सवर वाद्याचे पाय आणि व्हॉल्यूम पेडल दोन्ही घसरतात. खाली जाड सतरंजी किंवा गालिचा अंथरावा. अनवाणी पायाने धातूची पेडले दाबली तर तळवा दुखतो आणि दाबही नेमका येत नाही, म्हणून घरात वापरण्यासाठी पातळ तळव्याचे बूट वेगळे ठेवावेत. मे-जूनमध्ये दिल्लीच्या धुळीच्या वाऱ्यांत वाद्य उघडे राहिले तर पोटातल्या बिजागऱ्यांत बारीक माती बसते. रियाज संपताच चादर टाकावी. तारांचा संपूर्ण संच येथे मिळणे अवघड असले, तरी सर्वांत जास्त तुटणारी तिसरी, गांधाराची तार ०.०११ इंच जाडीची साधी पोलादी तार असते. ती विजेच्या गिटारची सुटी तार म्हणून चांगल्या दुकानांत मिळते. एकदम डझनभर घेऊन ठेवाव्यात.